रात्रीच्या टेस्ट रन : क्रॉनच्या पाच ओळी की एक वर्कफ्लो शेड्युलर?

तिसरी पाळी

नमस्कार मंडळी. प्रश्न तांत्रिक आहे. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे पुन्हा पुन्हा तपशील विचारावे लागणार नाहीत.

आमच्या टीमकडे एका वेब ॲप्लिकेशनचे टेस्टिंग आहे. दिवसभर डेव्हलपर कोड टाकत असतात आणि सकाळच्या स्टँडअपला पहिला प्रश्न असतो, "रात्रीचा रिपोर्ट काय म्हणतोय?" त्यासाठी रात्री एका लिनक्स सर्व्हरवर पाच कामे होतात. आधी डेटाबेसची ताजी प्रत रिस्टोअर होते, मग नवे बिल्ड (ॲप्लिकेशनची ताजी आवृत्ती) चढते, मग पायटेस्ट या पायथनच्या साधनातल्या एपीआय टेस्ट (स्क्रीनशिवाय थेट सर्व्हरला विचारणाऱ्या), त्यानंतर सेलेनियमच्या (ब्राउझर आपोआप हाताळणाऱ्या) ब्राउझर टेस्ट आणि शेवटी रिपोर्टची मेल. प्रत्येक कामाची क्रॉनमध्ये, म्हणजे लिनक्सच्या ठरल्या वेळी कामे सुरू करणाऱ्या साधनात, वेगळी ओळ आहे : १ वाजता रिस्टोअर, २ ला बिल्ड, २:३० ला एपीआय, ४ ला ब्राउझर, ७ ला मेल.

बरीच वर्षे हे बिनबोभाट चालले. आता डेटाबेस वाढलाय. ज्या रात्री रिस्टोअर दोनच्या आत संपत नाही, त्या रात्री बिल्ड अर्धवट भरलेल्या टेबलांवर चढते, टेस्ट ढिगाने पडतात आणि सकाळचा बराचसा वेळ खरा दोष कुठला आणि डेटामुळे पडलेली टेस्ट कुठली हे निवडण्यात जातो. टीममधली मुले आता रिपोर्ट वाचेनाशी झाली आहेत. मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते.

वेळा पुढे सरकवल्या तर रात्र पुरत नाही. मॅनेजर म्हणतात एअरफ्लो बसवा, म्हणजे कशानंतर काय चालवायचे ते सांभाळणारा वर्कफ्लो शेड्युलर. बिल्ड आणि टेस्ट आपोआप चालवणारे जेनकिन्स आमच्याकडे आहेच, पण फक्त बिल्ड बनवण्यापुरते वापरतो. ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी सांगा : क्रॉनच सुधारावे, जेनकिन्सवर न्यावे, की एअरफ्लोसारखा पूर्ण वर्कफ्लो शेड्युलर घ्यावा?

कोकणकडा

ताई, काहीही नवीन बसवण्याआधी हे वाचा.

क्रॉनला फक्त घड्याळ कळते. आधीचे काम संपले का, नीट संपले की मध्येच पडले, याच्याशी त्याला देणेघेणे नाही. १९७९ च्या युनिक्स सातव्या आवृत्तीतले क्रॉनही असेच होते. १९८७ साली पॉल व्हिक्सी यांनी लिहिलेले क्रॉन, ज्याचे वंशज आज बहुतेक लिनक्सवर आहेत, तेही असेच आहे. हा त्याचा दोष नाही, त्याचे काम तेवढेच. तुम्ही मात्र पाच ओळींमधल्या अंतरात "आधीचे एव्हाना संपले असेल" हा अंदाज भरलाय, आणि डेटा वाढला की असे अंदाज चुकतातच.

पहिली दुरुस्ती आजच होऊ शकते. पाच ओळी काढा आणि एक ठेवा. ती एकच स्क्रिप्ट चालवेल आणि त्या स्क्रिप्टमध्ये पाची कामे अशी लिहा की आधीचे यशस्वी झाले तरच पुढचे सुरू होईल. रिस्टोअर वीस मिनिटांत संपले तर बिल्ड लगेच सुरू होते, तीन तास लागले तर बिल्ड तीन तास थांबते. मधली मोकळी अंतरे गेल्यामुळे रात्रही मोठी होते. थोडी शिस्त हवी असेल तर शेल स्क्रिप्टऐवजी मेकफाइल लिहा. मेक हे १९७६ साली बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिलेले साधन. कशावर काय अवलंबून आहे हे लिहून ठेवायची सोय त्यात तेव्हापासून आहे.

त्या एका ओळीभोवती दोन कवच घाला. एक फ्लॉक, म्हणजे फाइलीवर कुलूप लावणारी कमांड : कालची रन अजून चालू असेल तर आजची सुरूच होणार नाही. पीआयडी फाइल (चालू प्रोसेसचा क्रमांक लिहिलेली) ठेवून हेच करणारे खूप दिसतात, पण प्रोसेस मध्येच मेली तर ती फाइल मागे उरते आणि दुसऱ्या रात्री काहीच चालत नाही. फ्लॉकचे कुलूप कर्नल सांभाळतो, प्रोसेस गेली की कुलूप सुटते. दुसरे टाइमआउट : ठरलेल्या वेळेत न संपणारे काम ते थांबवते आणि १२४ हा कोड परत देते, त्यामुळे "अडकले" आणि "पडले" यातला फरक लॉगमध्ये दिसतो.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचे. तुमच्या स्क्रिप्टा खरे बोलतात का, ते तपासा. स्क्रिप्ट पडूनही "झाले" म्हणत असेल तर कुठलाही शेड्युलर, फुकटचा असो की लाखांचा, तिच्यावर विश्वास ठेवून पुढचे काम सुरू करणार.

नवशिका नाशिक

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, म्हणून मूलभूत प्रश्न. स्क्रिप्ट खोटे बोलते म्हणजे नेमके काय होते?

कोकणकडा

@नवशिका नाशिक, विचारलेत ते बरे केलेत. अनेक वर्षे नोकरी केलेल्यांनाही हे नीट सांगता येत नाही.

प्रत्येक प्रोग्रॅम संपताना एक आकडा मागे ठेवतो, त्याला एक्झिट कोड म्हणतात. ० म्हणजे ठीक, बाकी काहीही म्हणजे गडबड. शेड्युलर स्क्रीनवरचा लाल मजकूर वाचत नाही, तो फक्त हा आकडा बघतो. पायटेस्टचे कोड तर पाठच करून ठेवा : ० सगळ्या टेस्ट पास, १ काही फेल, २ मध्येच थांबवले, ३ पायटेस्टच्या आतली चूक, ४ कमांड चुकीची दिली, ५ एकही टेस्ट सापडली नाही. त्या ५ कडे नीट लक्ष द्या. कोणी टेस्टच्या फाइलींची नावे बदलली की टेस्ट सापडत नाहीत. तुमची स्क्रिप्ट फक्त "१ आला का" एवढेच तपासत असेल, तर शून्य टेस्ट चालूनही निकाल हिरवा.

आता खोटे कसे घुसते ते बघा. लोकांना निकाल स्क्रीनवरही हवा असतो आणि फाइलीतही, म्हणून पायटेस्टच्या पुढे पाइप देऊन टी ही कमांड लावतात. शेल एरवी पाइपमधल्या शेवटच्या कमांडचा कोड धरतो. शेवटची कमांड टी, तिने फाइल लिहिली, ती खूश, कोड ०. पायटेस्टचा १ वाटेत हरवला. बॅशमध्ये स्क्रिप्टच्या सुरुवातीला पाइपफेल चालू केले की पाइपमधले काहीही पडले तरी पूर्ण ओळ पडलेली धरली जाते.

दुसरे ठिकाण म्हणजे स्क्रिप्टची शेवटची ओळ. स्क्रिप्टने स्वतःहून कोड दिला नाही तर शेवटच्या कमांडचा कोडच तिचा होतो. शेवटी "काम पूर्ण झाले" असे छापणारी एको असेल तर वर काहीही होवो, कोड ०.

तिसरी पाळी

@कोकणकडा, आत्ताच आमच्या स्क्रिप्टा उघडून पाहिल्या. ब्राउझर टेस्टच्या जुन्या स्क्रिप्टमध्ये टी आहे आणि पाइपफेल नाही. रिस्टोअरच्या स्क्रिप्टमध्ये शेवटी एको आहे. म्हणजे रिस्टोअर अर्ध्यात पडला तरी पुढच्याला कळायची काही सोयच नव्हती. दोन्ही उद्या दुरुस्त होतील.

एक शंका. "आधीचे यशस्वी तरच पुढचे" असे केले तर एपीआयची एक टेस्ट पडली की ब्राउझर टेस्ट चालणारच नाहीत. मग सकाळी निम्मी माहिती कमी.

चाफेकळी

बरोबर पकडलंत, तिसरी पाळी. इथेच साधी साखळी अपुरी पडते. वर्कफ्लो शेड्युलरची खरी गरज इथून सुरू होते.

तुमच्या पाच कामांमधली नाती एकसारखी नाहीत. रिस्टोअर पडला तर पुढे काहीही चालवण्यात अर्थ नाही. बिल्ड चढले नाही तर टेस्ट कालच्या कोडवर चालतील, तेही नको. पण एपीआयच्या टेस्ट पडल्या तरी ब्राउझर टेस्ट चाललेल्या बऱ्या, कारण दोन्हींतून वेगळी माहिती मिळते. आणि मेल तर काहीही झाले तरी गेलीच पाहिजे. आधी सगळे पडले असेल त्या दिवशी तर नक्कीच. आधी कागदावर हे चित्र काढा, प्रत्येक बाणावर लिहा : "पास झाले तरच", "संपले की", "काहीही झाले तरी". टूल नंतर ठरवा.

तुमच्या चित्रात मला एक काम कमी दिसते. बिल्ड आणि टेस्ट यांच्यामध्ये एक छोटी तपासणी हवी : महत्त्वाच्या टेबलांत किमान इतक्या ओळी आहेत का, ॲप्लिकेशन उत्तर देते का, एका टेस्ट युजरने लॉगिन होते का. दोन मिनिटांचे काम. ही पडली तर पुढच्या टेस्ट चालवूच नका, आणि मेलमध्ये स्पष्ट लिहा की वातावरण तयार नव्हते, टेस्ट झाल्या नाहीत. टीम रिपोर्ट वाचेनाशी झाली कारण "फेल" या एका रंगात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. त्या वेगळ्या केल्या की लोक पुन्हा वाचायला लागतात, हे मी जवळून पाहिलंय.

आता जेनकिन्स. तुमच्याकडे आहेच तर माझे मत त्याच्याच बाजूने. २०११ मध्ये हडसनचे नाव बदलून जेनकिन्स झाले तेव्हापासूनची बरीच मंडळी त्याला जुने म्हणतात, पण टेस्टिंगच्या कामासाठी जे लागते ते त्यात तयार मिळते. पायटेस्टला जेयुनिट एक्सएमएल (निकालांची ठराविक साच्यातली फाइल) काढायला सांगा, जेनकिन्स ती फाइल वाचून कुठली टेस्ट किती दिवसांपासून पडते आहे ते दाखवतो. पायटेस्टचा १ हा कोड पाइपलाइनमध्ये वेगळा हाताळला, तर टेस्ट पडल्यावर बिल्डला "अनस्टेबल" हा पिवळा दर्जा मिळतो आणि स्क्रिप्टच कोसळली तर लाल. तुम्हाला हाच फरक हवा आहे. पाइपलाइनमधल्या (जेनकिन्सच्या कामाचे टप्पे लिहिलेल्या फाइलीतल्या) पोस्ट भागातल्या ऑल्वेजखाली मेल टाकली की ती नेहमी जाते आणि तिच्या यशाने निकालाचा रंग बदलत नाही. पाइपलाइन डिक्लेरेटिव्ह, म्हणजे ठराविक साच्यात लिहिलेली, असेल तर मधल्या टप्प्यापासून पुन्हा सुरू करता येते, म्हणजे पहाटे ब्राउझर टेस्ट अडकल्या तर सकाळी रिस्टोअरपासून सुरुवात नको.

वेळ देताना मिनिटाच्या जागी ० ऐवजी इंग्रजी एच हे अक्षर वापरा. जेनकिन्स जॉबच्या नावावरून त्याचे मिनिट ठरवतो, त्यामुळे सगळे जॉब एकदम १ वाजता सर्व्हरवर तुटून पडत नाहीत, आणि एका जॉबचे मिनिट रोज तेच राहते.

अटकेपार

न्यू जर्सीहून लिहितोय. रोजचे काम एअरफ्लोवर आहे, म्हणून त्याच्या बाजूने आणि विरुद्धही लिहितो.

एअरफ्लो २०१४ साली एअरबीएनबीमध्ये मॅक्सिम बोशमाँ यांनी सुरू केले, २०१९ पासून ते अपाचेचा मुख्य प्रकल्प आहे. ते बनले डेटा पाइपलाइनसाठी. शेकडो कामे, अनेक यंत्रे, दुसऱ्या टीमची फाइल येईपर्यंत थांबणे, मागच्या महिन्याचा एखादा दिवस पुन्हा चालवणे, यात ते उत्तम आहे. कामांचे चित्र पायथनमध्ये लिहायचे आणि त्यात कुठेही चक्र होता कामा नये, एवढा एकच नियम.

पण टेस्टिंगसाठी घेताना एक सापळा आहे, तो मॅनेजरसाहेबांना जरूर दाखवा. एअरफ्लो पूर्ण रनचा निकाल शेवटच्या टोकाच्या कामांवरून ठरवतो, म्हणजे ज्यांच्या पुढे काही नाही अशी कामे. तुम्ही शेवटी मेल किंवा साफसफाईचे काम ठेवाल आणि त्याला "ऑल डन" हा नियम द्याल, म्हणजे वरचे पडले तरी ते चालेल. ते चालते, यशस्वी होते, आणि पूर्ण रन हिरवी दिसते. आत टेस्ट लाल पडलेल्या असतात. यावर जुना उपाय म्हणजे बाजूला एक पहारेकरी काम ठेवायचे, जे इतर कुठलेही काम पडले की स्वतः पडते. २.७ आवृत्तीपासून सेटअप आणि टिअरडाउन अशी खास कामे आली. साफसफाई टिअरडाउन म्हणून नोंदवली की निकाल ठरवताना ती धरली जात नाही.

आणखी काही खड्डे. बॅशऑपरेटरला (एअरफ्लोत शेल कमांड चालवणारा भाग) द्यायची कमांड एसएच या शेपटाच्या फाइलनावाने संपत असेल तर एअरफ्लो तिला टेम्प्लेटची फाइल समजून शोधायला जातो आणि "टेम्प्लेट सापडले नाही" म्हणून पडतो. नावानंतर एक रिकामी जागा सोडली की चालते. नवीन माणसाची पूर्ण दुपार यात जाते. दुसरे, कॅचअप, म्हणजे मागच्या तारखांच्या रन भरून काढणे. एअरफ्लोच्या २ क्रमांकाच्या आवृत्त्यांपर्यंत ते आपोआप चालू असायचे : सुरुवातीची तारीख महिनाभर मागची दिलीत तर चालू करताक्षणी महिनाभराच्या रन रांगेत उभ्या. टेस्ट सर्व्हरचा जीव जातो. एप्रिल २०२५ च्या ३.० आवृत्तीत हे बंद ठेवायची पद्धत आली, तरी मी ते स्वतः लिहूनच ठेवतो.

आणि एअरफ्लो चालवणे हेच एक काम आहे. त्याला स्वतःचा पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल लागतो, अपग्रेड लागतात, लक्ष द्यायला माणूस लागतो. पाच कामे आणि एक सर्व्हर यासाठी मी ते बसवणार नाही. उद्या डेटा टीमकडे आधीच चालू असलेले एअरफ्लो असेल आणि त्यांची पाइपलाइन संपल्यावर तुमच्या टेस्ट सुरू व्हायच्या असतील, तर मात्र माझे मत बदलेल.

मेथीदाणा

वाचनखूण साठवली. माझी बाजू थोडी वेगळी आहे. मी बँकिंगच्या बॅचमध्ये (रात्री एकगठ्ठा चालणारी कामे) काम करते, पुण्यात. आमच्याकडे ऑटोसिस आहे, आधीच्या प्रोजेक्टला कंट्रोल-एम होते. ही बॅच शेड्युलर साधने खर्चिक आहेत आणि तुमच्या कामाला नकोत, पण त्यातल्या काही कल्पना कुठेही लागू पडतात.

पहिली कल्पना कॅलेंडर. बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात, सप्टेंबर २०१५ पासून. टेस्टही त्या दिवशी वेगळ्या चालवायच्या असतात. क्रॉनमध्ये हे लिहायला जाल तर फसाल. महिन्याची तारीख ८ ते १४ आणि वार शनिवार असे दोन्ही दिले की माणसाला वाटते दुसरा शनिवार. पण हे दोन्ही रकाने भरले की क्रॉन दोहोंपैकी एक जरी जुळले तरी काम चालवतो. म्हणजे ८ ते १४ रोज, शिवाय महिन्यातला प्रत्येक शनिवार. वार क्रॉनमध्ये ठेवायचा आणि तारीख कमांडमध्ये तपासायची, हा मार्ग. ती तपासताना डेटच्या पुढे टक्क्याचे चिन्ह येते. क्रॉनटॅबमध्ये टक्क्याचा अर्थ नवी ओळ असा होतो, म्हणून त्याच्याआधी बॅकस्लॅश हवा.

दुसरी, काम तात्पुरते बाजूला ठेवण्याचे दोन प्रकार. ऑटोसिसमध्ये होल्डवर ठेवलेले काम चालत नाही आणि त्याच्या मागची रांगही थांबते. आइसवर ठेवलेले काम चालत नाही, पण मागच्यांना ते झाले असे धरून पुढे जाऊ देते. टेस्टिंगमध्ये हा निर्णय रोज लागतो. ब्राउझर टेस्ट आज नको असतील तर आइस, रिस्टोअर आज नको असेल तर विचार करून होल्ड. तुमच्या स्क्रिप्टमध्ये कोणी एखादी ओळ कॉमेंट करून काम बंद ठेवतो तेव्हा तो नकळत आइस निवडत असतो.

तिसरी गोष्ट, शेड्युलर स्वतः पडतो तेव्हा काय होते. जून २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये आरबीएस, नॅटवेस्ट आणि अल्स्टर बँकेत जे झाले त्याचा अहवाल आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येकाने वाचावा. बॅच शेड्युलर सॉफ्टवेअरचे अपग्रेड केले, त्रास दिसला, म्हणून ते मागे घेतले. पण मागे घेतल्यावर काय होईल याची चाचणी केलेली नव्हती, आणि नवी व जुनी आवृत्ती एकमेकींशी जुळत नव्हती. रात्रीचे हिशेब पूर्ण झाले नाहीत, ६५ लाखांहून अधिक ग्राहकांना झळ बसली, अल्स्टर बँकेचे ग्राहक जुलैपर्यंत अडकले. नोव्हेंबर २०१४ मध्ये दोन नियामकांनी मिळून ५ कोटी ६० लाख पौंडांचा दंड केला. आपल्या टेस्टच्या रनमुळे कोणाचा पगार अडकत नाही हे खरे, तरी शेड्युलरची फाइलही गिटमध्ये (फाइलींच्या सगळ्या आवृत्त्या जपणारे साधन) असावी, तिचाही रिव्ह्यू व्हावा आणि ती आधी दुसरीकडे चालवून पाहावी, हे मी तिथून शिकले.

राईचा डोंगर

विंडोजवाल्यांसाठी कोणी लिहिले नाही म्हणून मी लिहितो. आमचे डेस्कटॉप सॉफ्टवेअर आहे, टेस्ट माउस-कीबोर्ड हलवून होतात.

टास्क शेड्युलरमध्ये हाताने चालणारी स्क्रिप्ट रात्री पडते, याची बहुतेक वेळा दोनच कारणे. "स्टार्ट इन" हा रकाना रिकामा ठेवला तर काम सिस्टिम३२ फोल्डरमधून सुरू होते आणि तुमच्या फाइली सापडत नाहीत. आणि "युजर लॉगऑन असो वा नसो, चालवा" हे निवडले की काम सत्र ० मध्ये जाते, जिथे तुम्हाला दिसणारा डेस्कटॉप नसतो. ब्राउझर हेडलेस (खिडकी न उघडता चालणारा) असेल तर चालून जाते, पण बटण खरोखर दाबणारी टेस्ट दाबणार कुठे? त्यासाठी लॉगिन असलेला, कुलूप न लागलेला डेस्कटॉपच हवा. रिमोट डेस्कटॉपची खिडकी नुसती बंद केली तर तो डेस्कटॉप लॉक होतो. टीएसकॉन कमांडने सत्र कन्सोलवर सोपवून बाहेर पडलात तर उघडा राहतो. अर्थात असे यंत्र वेगळ्या नेटवर्कवर आणि कुलपाच्या खोलीत हवे, त्यावर महत्त्वाचे पासवर्ड नकोत.

चुकलेली वेळ नंतर भरून काढायची सोय त्यात आहे, पण ती निवडावी लागते. वीज गेली आणि यंत्र पहाटे परत आले तर तीच उपयोगी पडते.

तिसरी पाळी

सगळ्यांचे मनापासून आभार. इतके नेमके उत्तर मिळेल असे वाटले नव्हते.

आज दुपारी टीमला घेऊन चित्र काढले, चाफेकळींनी सांगितले तसे बाणांवर अटी लिहून. काढताना कळले की एपीआय आणि ब्राउझर टेस्ट एकाच टेस्ट युजरचा डेटा बदलतात. म्हणजे त्या समांतर चालवता येणार नाहीत, हे आजवर कुठे लिहिलेलेच नव्हते. ४ वाजताची वेळच ते सांभाळत होती.

जेनकिन्सवर जायचे ठरवतेय. एकच विचारते. ब्राउझर टेस्ट कधीकधी उगाच पडतात. प्रत्येक टेस्ट तीनदा आपोआप चालवावी आणि एकदा पास झाली तर पास धरावी का? सकाळचा आवाज बराच कमी होईल.

चाफेकळी

नको, असे नक्की करू नका. रिपोर्टवरचा विश्वास परत आणायचा म्हणून तुम्ही हे सगळे करताय. तीनदा चालवून पास म्हणणे त्याच्या उलट जाते. तीनातून एकदा पडणारे बटण ग्राहकालाही तीनातून एकदा पडते.

अटकेपार

थोडा असहमत. गूगलने २०१६ साली स्वतःचे आकडे सांगितले होते : सर्व टेस्ट रनपैकी सुमारे १.५ टक्के निकाल अस्थिर, जवळजवळ १६ टक्के टेस्टमध्ये काही ना काही अस्थिरता, आणि पासवरून फेलवर गेलेल्या निकालांपैकी ८४ टक्क्यांत अस्थिर टेस्टचा हात. एवढी माणसे आणि यंत्रे असूनही. त्यामुळे पुन्हा चालवणे पूर्ण बंद करा म्हणणे व्यवहारात टिकत नाही. पुन्हा चालवा, पण पहिला निकाल पुसू नका.

चाफेकळी

@अटकेपार, पहिला निकाल पुसला जात नसेल तर माझी हरकत नाही. मग असे करूया. रिस्टोअर, बिल्ड उतरवणे, नेटवर्कवरून फाइल आणणे, ही कामे शेड्युलरने खुशाल पुन्हा करावीत, मात्र दोनदा केल्याने नुकसान होणार नाही अशी ती लिहिलेली हवीत. रिस्टोअर दुसऱ्यांदा करताना आधीची अर्धवट प्रत काढून टाकूनच सुरू झाला पाहिजे. टेस्ट पुन्हा चालवायची तर एकदाच, आणि दुसऱ्यांदा पास झालेली टेस्ट रिपोर्टमध्ये "अस्थिर" अशा वेगळ्या यादीत नावानिशी यावी. त्या यादीला एक मालक असावा. आठवडाभर यादीत राहिलेली टेस्ट मुख्य रनमधून बाहेर काढून वेगळ्या रनमध्ये टाकावी, दुरुस्त होईपर्यंत.

कोकणकडा

चाफेकळी यांना +१. माझ्याकडून आणखी एक भर. जेनकिन्सचा सर्व्हरच रात्री बंद पडला तर मेल येणार नाही, आणि मेल न येणे सकाळच्या गडबडीत कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून पहारा बाहेरून हवा. रनच्या शेवटी दुसऱ्या यंत्राला एक हाक जाते, ठरलेल्या वेळेपर्यंत हाक आली नाही तर ते यंत्र बोंब मारते. हेल्थचेक्स नावाचा मुक्त स्रोत प्रकल्प नेमके हेच करतो, स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतो. जेनकिन्स आहे त्याच यंत्रावर मात्र बसवू नका.

नवशिका नाशिक

माझ्याकडे सर्व्हर नाही. गिटहबवर प्रोजेक्ट आहे, त्यात रोज रात्री टेस्ट चालवता येतील ना?

चाफेकळी

@नवशिका नाशिक, येतील, आणि शिकायला तीच जागा चांगली. गिटहब ॲक्शन्समध्ये शेड्यूल देता येते. चार गोष्टी लक्षात ठेवा. वेळ वेगळी सांगितली नसेल तर यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत, धरली जाते. आपले पहाटेचे २ म्हणजे तिथे आदल्या दिवशीचे २०:३०, त्यामुळे सोमवार ते शुक्रवार पहाटे हवे असेल तर वार रविवार ते गुरुवार लिहायचे : ३० २० * * ०-४ (फाइलीत अर्थात इंग्रजी आकडे). तासाच्या ठोक्याला गर्दी असते, रन उशिरा सुरू होऊ शकते, म्हणून १७ किंवा ४३ असे आडमिनिट द्या. शेड्यूल मुख्य शाखेतल्या फाइलीवरूनच चालते, तुमच्या दुसऱ्या शाखेत लिहून उपयोग नाही. आणि सार्वजनिक प्रोजेक्टमध्ये ६० दिवस काही हालचाल झाली नाही तर शेड्यूल आपोआप बंद होते. परीक्षेच्या काळात हे हमखास होईल.

तिसरी पाळी

ठरले. जेनकिन्स पाइपलाइन, मधली तपासणी, एपीआय पडल्या तरी ब्राउझर चालणार, अस्थिर यादीला दर आठवड्याला एक मालक, आणि बाहेरचा पहारा. पहिले काही दिवस जुने क्रॉन चालू ठेवायचे का, असे टीममध्ये कोणी विचारले. दोन्ही एकाच डेटाबेसवर चालतील म्हणून नाही म्हटले. जुन्या ओळी कॉमेंट न करता काढून गिटमध्ये जपून ठेवतेय.

शेवटचा प्रश्न, @अटकेपार. आमचा क्लायंट न्यूयॉर्क वेळेवर आहे, त्यांना रन त्यांच्या संध्याकाळी ६ ला हवी आहे. सर्व्हर भारतीय वेळेवर. काय लिहावे?

अटकेपार

जेनकिन्सच्या शेड्यूलच्या पहिल्या ओळीत टाइमझोन न्यूयॉर्क द्या आणि खाली १८ चा तास लिहा. हिशेब स्वतः करू नका. उन्हाळ्यात ती रन तुमच्याकडे पहाटे ३:३० ला सुरू होईल, हिवाळ्यात ४:३० ला. मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळे बदलतात, त्या आठवड्यात रिपोर्ट तासभर इकडेतिकडे आला तर घाबरू नका. हिवाळ्यात ४:३० ला सुरू होऊन नऊच्या आत संपते का, एवढे मात्र आत्ताच मोजून ठेवा. आणि त्यांच्या पहाटे १ ते ३ या वेळेत कुठलीही रन ठेवू नका : मार्चमध्ये २ ते ३ हा तास येतच नाही, नोव्हेंबरमध्ये १ ते २ दोनदा येतो.

तिसरी पाळी

मोजले. सध्याच्या वेगाने हिवाळ्यात साडेनऊ होतील. ब्राउझर टेस्टसाठी वेगळा टेस्ट युजर बनवून त्या एपीआयच्या बरोबरीने चालवता येतात का ते या आठवड्यात बघते आणि इथेच लिहिते.